डावी बाजू

तळघरातल्या पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी ती अडकली होती. पुढची चाकं उतारावर, मागची रस्त्यावर आणि पोट मधल्या कडेवर टेकलेलं. मागे चार गाड्यांचे हॉर्न चालू. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. दाढ दोन दिवस ठणकत होती, आणि लोकांच्या मदतीला धावून जायचा माझा स्वभाव कधीच नव्हता. पण गाडी ओळखली आणि पाय थबकले. अशा एकूण तेहतीसच बनल्या. त्यातली एकही गेल्या अठरा वर्षांत मला समोरासमोर भेटली नव्हती. भेटू नये अशीच माझी इच्छा होती म्हणा. दार वरच्या दिशेने उघडलं आणि आतून हाफ पँटमधला एक तिशीचा माणूस वाकून, कण्हत, हातावर भार देत बाहेर आला. ह्या गाडीतून रुबाबात उतरता येत नाही, हे आम्ही ती घडवतानाच कारखान्याच्या मालकांना सांगितलं होतं. "मागे वजन दिलं तर चाकं धरतील," तो म्हणाला. "दोघांनी दोन बाजूंनी दाबा ना जरा, प्लीज." वॉचमन उजवीकडे गेला. डावीकडे कुणीच नव्हतं, म्हणून मी गेलो. "काका, अंगठी काढा हं तेवढी. रंग स्पेशल आहे." मी मुकाट्याने अंगठी काढून खिशात टाकली. ह्या गाडीवर आठ महिने माझेच हात फिरत होते हे त्याला सांगून काय साधणार होतं?

मी तळवे टेकवले आणि डोळे आपोआप मिटले. जुनी खोड. गाड्यांचं अंग घडवायच्या आमच्या धंद्यात डोळे उघडे ठेवून वळण तपासणारा माणूस कच्चा समजला जायचा. मागच्या चाकावरच्या उभाराला आम्ही पुठ्ठा म्हणायचो, घोड्याच्या मागच्या मांडीवर असतो तसा. पत्रा नव्हे, कार्बनचं कापड राळेत बसवून घडवलेला; सकाळच्या उन्हाने कोमट झालेला. दारापासून हात मागे सरकवला तर वळण सुंदर चढतं, चाकाच्या माथ्यावर क्षणभर थांबतं आणि मग लगेच, जरा जास्तच लगेच, शेपटीकडे उतरतं. तेव्हा मला वाटायचं, ह्या उतरण्यातच सगळी जादू आहे. आता हाताला ते घाईचं लागलं. एकतीस वर्षांच्या माणसाने लोकांनी बघावं म्हणून केलेलं काम. मास्तरांचं वळण ह्याच जागी अजून वीतभर धीर धरायचं. इंजिन सीटच्या मागेच गुरगुरलं, चाकं फिरली, गाडी हिसका देऊन मागे आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीवाला खूश होऊन मागच्या काळ्या पंखावर, स्पॉयलरवर, थोपटत म्हणाला, "ह्याच्यासाठी घेतली बघा काका. काय दिसतो ना?" मी "हो" म्हटलं. दाढेचं मी विसरूनच गेलो होतो.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. कारखान्यात सगळे त्यांना तसं म्हणायचे, अगदी आमचे मालकही. छोटा कारखाना, वर्षाला जेमतेम डझनभर गाड्या, पण त्या गाड्यांसाठी माणसं दोन-दोन वर्षं थांबायची. आमची खोली सगळ्यात मागे. लांबलचक, पांढऱ्या नळ्यांच्या दिव्यांची, आणि मधोमध लोखंडी तक्त्यावर खऱ्या मापाची मातीची गाडी. माती म्हणायची एवढंच. मेण आणि गंधक मिसळलेला तपकिरी लगदा तो. भट्टीत ऊब दिली की लोण्यासारखा चोपडावा, गार झाला की पात्याने साबणासारखा सोलावा. त्याचा वास कपड्यांतून जायचा नाही. बायको लग्नानंतर पहिलं वर्षभर माझे शर्ट वेगळे धुवायची. नवीन गाडी ठरली की तिची एक बाजू एकाने घडवायची, दुसरी दुसऱ्याने. नकाशा एक, मापं एक, हात दोन. मधून नाकापासून शेपटीपर्यंत काळी चिकटपट्टी ओढलेली असायची. तिला आम्ही वेस म्हणायचो. वेशीवर आरसा उभा केला की आपलीच बाजू पलीकडे दिसते आणि आपल्या मनातली अख्खी गाडी समोर उभी राहते. शेवटी मालक येऊन दोन्ही बाजू बघणार, एक निवडणार. मग तीच मोजून, उलटी करून दोन्हीकडे घ्यायची. लेखी नियम काहीच नव्हते. फक्त एक होतं: दुसऱ्याच्या मातीला हात लावायचा नाही. पलीकडे पडलेलं पातं उचलायचं तरी लोक विचारून उचलायचे. आमच्याकडे कपाटांना कुलपं नव्हती, आणि वेशीला नुसती चिकटपट्टी पुरत होती.

त्या गाडीची डावी बाजू मास्तरांची, उजवी माझी. त्यांनीच मला हात धरून शिकवलेलं, अगदी शब्दशः, माझा तळवा त्यांच्या तळव्याखाली घेऊन ते वळणावरून फिरवायचे आणि विचारायचे, "कुठे अडला?" पहिले सहा महिने मला कुठेच काही अडायचं नाही. मग एक दिवस अडला, आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. ह्या माणसावर मी जळत होतो. उघडच सांगतो. आठ महिने आम्ही पाठीला पाठ लावून काम केलं. मी रोज माझ्या बाजूच्या आरशात माझी गाडी बघायचो आणि ती उड्या मारताना दिसायची. आणि पाणी प्यायला पलीकडून गेलो की त्यांची दिसायची. ती नुसती उभी असायची. पण आपली नजर तिच्यावरून सुटायची नाही. त्यांच्या पुठ्ठ्यावरून दिव्याची रेघ दारापासून शेपटीपर्यंत ओढलेल्या दोरीसारखी सरळ जायची. गाडीवर जोराचा वारा सोडून तपासतात त्या बोगद्यातले हवेचे आकडे समोर ठेवून त्यांनी ते वळण बसवलं होतं. शेवटपर्यंत हवा अंगाला चिकटून राहिली पाहिजे, म्हणजे वेगात गाडी जमीन सोडत नाही, एवढाच त्यांचा हिशोब. मी मात्र आकडे बाजूला सारून सौंदर्याच्या मागे लागलो होतो. माझं वळण चांगलं होतं. त्यांचं त्याहून चांगलं होतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, कारण मास्तर माझ्या बाजूकडे कधी बघायचेच नाहीत.

मालक चार वाजता येणार होते. दुपारी दोनला दोन्ही बाजूंवर चंदेरी पापुद्रा ताणून बसवायचा, म्हणजे माती रंगवलेल्या गाडीसारखी चमकते आणि दिव्यांच्या रेघा दिसतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले. मी हात धुऊन येतो म्हणून मागे राहिलो. काही ठरवलं नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खिशात पातळ पातं होतं, आणि जेवायला जाताना कुणी पातं घेऊन जात नाही. मी वेस ओलांडली. मागच्या चाकाच्या वर, दीड वितीच्या जागेत, चार वेळा पातं ओढलं. दोन मिलिमीटर माती गेली असेल. कातरण मुठीत घेऊन माझ्या बाजूच्या कचऱ्यात टाकलं, वर गेलो आणि मास्तरांच्या शेजारीच बसून जेवलो. त्यांनी त्यांच्या डब्यातलं लोणचं मला वाढलं. मी ते खाल्लं.

पापुद्रा बसला, दिवे लागले. माझ्या बाजूची रेघ उसळी घेत गेली. त्यांच्या बाजूची रेघ सरळ आली, चाकाच्या माथ्यावर किंचित खचली आणि पुढे गेली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मास्तर जागच्या जागी थिजले. मग पुढे होऊन त्यांनी डोळे मिटले आणि तिथून तळवा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात उलटा करून तळव्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरू शकलेलो नाही. दुरुस्तीला वेळ नव्हता. पापुद्रा सोलून, माती तापवून, पुन्हा भरून दोन तास तरी गेले असते. त्यांनी मला हाक मारली. वेशीच्या अलीकडे उभं राहून मला विचारलं, "तुला काय वाटतं रे? खचलंय का इथं?" तेव्हाही खरं सांगायची वेळ होती. मी वाकून, अगदी काळजीने बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "थोडंसं खचलंय, मास्तर. थकला असाल." ते हसले. "असेल," म्हणाले. चार वाजता मालकांनी माझी बाजू निवडली. मला वाटतं, तो खळगा नसता तरी त्यांनी कदाचित माझीच निवडली असती. त्यांना उड्या मारणाऱ्या गोष्टी आवडायच्या. हे वाटणं माझ्या सोयीचं आहे हेही मला कळतं. आणि ते खरं असलं, तर मग मी जे केलं त्याला एवढंही कारण उरत नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी डोळे तपासून घेतले. परत आले आणि सगळ्यांसमोर थट्टेत म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत म्हणे. म्हणजे हातच गेला." लोक हसले. मीही हसलो. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी आपली पाती मला दिली, सगळी, चामड्याच्या घडीत गुंडाळून. मालक त्यांना सोडायला तयार नव्हते, पण मास्तर म्हणाले, हात सांगेनासा झाला की माणसाने माती नासवत बसू नये. मेहुण्याच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात ते बसायला लागले. मी सुरुवातीला दर महिन्याला जाऊन भेटायचो, मग दिवाळखोर माणूस सावकाराची गल्ली टाळतो तसं ते दुकान टाळायला लागलो. बायको विचारायची, "मास्तरांकडे हल्ली जात नाही तुम्ही?" मी म्हणायचो, कामातून सवड कुठे मिळते.

गाडीचं पुढे काय झालं ते कुणालाही विचारा. तीन सेकंदांत शंभरचा वेग, ताशी साडेतीनशेचं वचन. चाचणीला जो ड्रायव्हर होता त्याला आम्ही मौनी म्हणायचो. दिवसाला चार वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. दोनशे सत्तरच्या पुढे जाऊन तो परतला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मागून कुणीतरी उचलतंय." आकडे काढले. माझ्या सुंदर वळणावर हवा टिकत नव्हती. पुठ्ठ्यावरून सुटून जात होती आणि शेपूट हलकी पडत होती. साचे तयार झाले होते, माघार घेणं शक्य नव्हतं. मग मागे एक काळा पंख बसवला. हवेचा दाब मिळाला, पण त्याच पंखाने गाडीला मागे ओढलं आणि वेग तीनशे तीसवर अडकला. मालकांनी जाहिरातीत तोच पंख पुढे केला. चूक झाकायला लावलेली फळी, आणि लोकांनी तिची चित्रं खोल्यांत लावली. माझं नाव झालं. मोठ्या कंपनीत गेलो, तिथे चौदा वर्षं दारांच्या कड्या आणि आरशांची टरफलं केली, इज्जतीने केली. पण मातीला पुन्हा मनापासून हात लावला नाही. लावला की दोन मिलिमीटर आठवायचे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दातांच्या दवाखान्यात पोचलोच नाही. मास्तरांच्या घराकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उभा होतो. बस दोनदा बदलली. पूर्ण वाटेत उजवा तळवा शर्टावर पुसत होतो; रंग स्पेशल होता, पण हाताला काहीच लागलेलं नव्हतं. मास्तर शहात्तरचे असतील. त्यांची बायको, आमच्या काकू, चार वर्षांपूर्वी गेल्या तेव्हाही मी फोनच केला होता. आज सांगायचं. सांगितलं नाही तर ते हात गेला असं समजूनच जातील, आणि ते समजणं मी त्यांच्या गळ्यात बांधलेलं आहे. बसमध्ये हे वाक्य सोपं वाटत होतं. जिना चढताना तसं वाटेना.

दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. लहान असताना ती सुट्टीत कारखान्यात यायची आणि कातरणाचे हत्ती बनवायची. आता तिचे केस कानापाशी पांढरे झालेत. "अगंबाई, तुम्ही?" ती म्हणाली. "बाबा, बघा कोण आलंय." मास्तर खिडकीजवळ खुर्चीत होते. अंगाने निम्मे झालेले, आवाज तसाच.

"या! उजवी बाजू आली," ते म्हणाले. "बस, बस. गालाला काय झालं? सुजलाय."

"दाढ आहे."

"मग डॉक्टरकडे जायचं सोडून इकडे कशाला आलास? मी काय दात काढतो?"

मी हसलो. मुलगी चहा टाकायला आत गेली. मास्तरांनी दुकानाचं सांगितलं, मेहुण्याच्या तक्रारी सांगितल्या, गुडघ्यांचं सांगितलं. मी ऐकत होतो आणि वेळ काढत होतो. मग तेच म्हणाले, "तुला माहीत नसेल. सोडल्यावर तीन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं मला. एकजण तर घरी येऊन बसला होता, इथेच, तू बसलायस तिथे. ही तेव्हा कॉलेजात. तिची आई म्हणाली, जा की. मी म्हटलं, नाही. हात गेल्यावर नुसतं नाव घेऊन कुठे जायचं? लोक भिडेखातर बोलणार नाहीत, आणि गाडी बिघडणार. वेळेवर थांबता आलं पाहिजे माणसाला."

"बाबांचं हे ठरलेलं वाक्य आहे," मुलगी आतून म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. ती ते ऐकतच मोठी झाली होती.

तीन बोलावणी. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांची एक गाडी घेतली. मी त्यांची सगळी वर्षं घेऊन बसलो होतो. एक क्षण वाटलं, उठावं. ह्या माणसाने आपल्या थांबण्याची एक चांगली गोष्ट बनवली आहे, घरातल्यांना ती आवडते, मी कोण ती मोडणारा? हेही सोयीचंच वाटणं होतं. माझी सगळी सोय नेहमी अशी दुसऱ्याच्या भल्याच्या वेषात येते.

"मास्तर," मी म्हणालो, "हात गेला नव्हता तुमचा. मी खरवडलं होतं."

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी, पातं, चार ओढी, चाकाच्या माथ्यावर. माझ्या अपेक्षेपेक्षा ते फार लवकर सांगून संपलं. अठरा वर्षांचं ओझं दोन मिनिटांत खाली ठेवता येतं, आणि हलकं मात्र काहीच वाटत नाही.

मग त्यांनी विचारलं, अगदी कामाच्या आवाजात, "कुठलं पातं?"

"पातळ. लवचिक."

"ओढलंस कसं? पुढून मागे की मागून पुढे?"

मी आठवलं. मी घाईत होतो, कुणी येतंय का बघायला खोलीच्या दाराकडे तोंड करून उभा होतो. "मागून पुढे."

त्यांनी मान हलवली. "तेच लागलं होतं मला. उलटी ओढ. मी जन्मात कधी मागून पुढे ओढलं नाही. तळव्याला स्पष्ट लागली होती, पापुद्र्याखालूनसुद्धा. मला वाटलं, कुणीतरी हात लावलाय. मग म्हटलं, छे. असं कोण करेल? आपणच ओढलं असेल आणि विसरलो असू. तरी तुला विचारलं. तू म्हणालास, थकला असाल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. असता तर मी तो घेतला असता. "हात खरं सांगत होता रे. मी तुझं ऐकलं."

क्षमा हा शब्द तोंडात आला होता, पण तो मागणंसुद्धा त्यांच्याकडून अजून काहीतरी घेण्यासारखं वाटलं.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? माझा हात गेला नव्हता."

गॅसवर भांडं वाजत होतं. "काय म्हणालात बाबा?"

"हात गेला नव्हता गं माझा! शाबूत होता!"

"बरं, बरं. आणतेय चहा," ती म्हणाली. तिला वाटलं असणार, जुन्या गप्पा चालल्यात.

मास्तरांनी उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. तोवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. बोटं सांध्यांशी सुजून आत वळलेली होती, तळवा टेबलाला टेकत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने एकेक बोट धरून सरळ करायला सुरुवात केली. पहिलं झालं. दुसऱ्याला दुखलं असावं, त्यांचा ओठ दाताखाली गेला. तिसरं धरलं तोवर पहिलं परत वळलं होतं. ते पुन्हा पहिल्याकडे आले. मी समोर बसून होतो.